'लाऊंज' संज्ञेपूर्वीचे स्टिरिओलॅब : उगम आणि आरंभीच्या ध्वनिमुद्रिका (१९९०–१९९३)

लंडन येथे १९९० साली स्थापन झालेल्या स्टिरिओलॅब या बँडचा उल्लेख विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील संगीतावर झालेल्या लेखनात बहुधा 'लाऊंज' या सदराखाली आढळतो. लाऊंज म्हणजे मूळ अर्थी हॉटेलातील वा सुखवस्तू घरातील विश्रांतीची बैठक. तेथे पेल्यांच्या किणकिणाटामागे वाजत राहावे, कोणाचे संभाषण अडू नये, अशा बेताचे जे मृदू वाद्यसंगीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत विपुल निर्माण झाले, त्याला पुढे हेच नाव पडले. १९९० नंतर काही तरुण रॉक-वादकांनी या विसरलेल्या संगीताचे पुनरुज्जीवन केले आणि स्टिरिओलॅब त्या चळवळीचे एक अग्रणी होत, असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु बँडच्या पहिल्या वर्षातील ध्वनिमुद्रिका क्रमाने ऐकल्या असता त्यांत लाऊंज-संगीताचा अंश जवळजवळ सापडत नाही. तेव्हा हा अंश कधी आला, कोणत्या वाटेने आला, आणि भांडवलशाही अर्थव्यवस्थेवर कठोर टीका करणाऱ्या गीतांना त्याच व्यवस्थेच्या भरभराटीचे हे सुखासीन संगीत का मानवले, हे प्रश्न विचारात घेणे अगत्याचे ठरते.

या बँडचा उगम दुसऱ्या एका बँडच्या शेवटात आहे. लंडनच्या पूर्वेस असलेल्या बार्किंग येथील काही तरुणांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास मॅकार्थी नावाचा बँड काढला. माल्कम ईडन हे त्याचे गायक व गीतकार आणि टिम गेन हे गिटारवादक. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने १९८६ साली 'सी ८६' नावाची जी ध्वनिफीत प्रसिद्ध केली आणि जिच्यावरून इंग्लंडमधील छोट्या स्वतंत्र बँडांच्या एका पिढीलाच नाव मिळाले, तिच्यात मॅकार्थीचे एक गीत होते. त्यांच्या 'आय अ‍ॅम अ वॉलेट' (१९८७) या पहिल्या अल्बमच्या नावातच, म्हणजे 'मी एक पैशाचे पाकीट आहे' या उद्गारात, ईडन यांची रीत स्पष्ट होते. टीकेचे लक्ष्य जो असेल त्याच्याच तोंडून बोलायचे, त्याचा युक्तिवाद टोकापर्यंत न्यायचा, आणि खाली गिटारची चाल मात्र निर्मळ, उन्हाळी, गुणगुणण्याजोगी ठेवायची, अशी ती उपरोधाची रीत होती. मजकूर कडू आणि चाल गोड हा संयोग गेन यांना येथेच परिचित झाला होता. पुढील घटनांच्या दृष्टीने हा मुद्दा विसरता येण्यासारखा नाही.

१९८८ साली मॅकार्थीचा एक कार्यक्रम पॅरिसमध्ये झाला. त्या वेळी लेतिसिआ सादिए या वीस वर्षांच्या फ्रेंच तरुणीची गेन यांच्याशी ओळख झाली. पुढील वर्षी सादिए लंडनला आल्या. मॅकार्थीच्या 'बँकिंग, व्हायोलन्स अँड द इनर लाइफ टुडे' (१९९०) या अखेरच्या अल्बमवर त्यांचा आवाज ऐकू येतो. त्याच वर्षी मॅकार्थीचे विसर्जन झाले आणि गेन व सादिए यांनी नवा बँड उभा केला. ईडन यांचा उपरोध येथे संपला. सादिए यांनी जी गीते लिहिली, काही फ्रेंचमध्ये व काही इंग्रजीत, त्यांत दुसऱ्याचा मुखवटा नाही. प्रश्न सरळ विचारलेले आहेत, विधाने सरळ केलेली आहेत आणि ती गाणारा आवाज शांत, सपाट, जवळजवळ निर्विकार आहे. समीक्षकांनी या गीतांना पुष्कळदा मार्क्सवादी म्हटले, आणि गेन यांनी ते वर्णन नाकारले. पक्षाच्या चौकटीत न बसणारी फ्रेंच डाव्या विचारांची जी परंपरा आहे, तिच्याशी या गीतांचे नाते अधिक जवळचे दिसते.

बँडच्या नावाचा विचार येथेच करणे सोयीचे होईल. न्यूयॉर्क येथील व्हॅनगार्ड या कंपनीने द्विमार्गी ध्वनीच्या आरंभीच्या काळात आपल्या तबकड्यांवर 'स्टिरिओलॅब' ही मुद्रा छापली होती. ध्वनीची प्रयोगशाळा असा तिचा अर्थ. बँडने हे नाव जसेच्या तसे उचलले. गेन यांनी मार्टिन पाइक या व्यवस्थापकांसमवेत स्वतःची जी छोटी ध्वनिमुद्रण संस्था काढली, तिचे नाव 'डुओफोनिक' असे ठेवण्यात आले. हा शब्दही जुनाच. एकमार्गी ध्वनिमुद्रणाला कृत्रिम उपायांनी द्विमार्गी भासविण्याची एक प्रक्रिया कॅपिटॉल या अमेरिकन कंपनीने १९६० च्या दशकात वापरली होती, तिला हे नाव होते. म्हणजे बँडला खऱ्या द्विमार्गी ध्वनीचे नाव आणि संस्थेला नकली द्विमार्गी ध्वनीचे. ज्यांनी ही दोन नावे निवडली, त्यांनी जुन्या तबकड्यांची वेष्टने बारकाईने वाचली होती यात शंका नाही. प्रस्तुत विवेचनाला यातून एक आक्षेपही संभवतो. नावेच जर त्या युगातील आहेत, तर लाऊंजचे बीज आरंभापासूनच नव्हते काय? त्याचे उत्तर असे की, १९९० साली ते नावात होते, वेष्टनात होते, संग्राहकाच्या आवडीत होते, नादात नव्हते. आवड आणि नाद यांच्यामधील हे दोन-तीन वर्षांचे अंतर हाच येथे अभ्यासाचा विषय आहे.

पहिली तबकडी 'सुपर ४५' ही मे १९९१ मध्ये निघाली. ती दहा इंची होती, तिच्यावर चार गीते होती आणि तिच्या प्रती हजाराच्या आत होत्या. कार्यक्रमाच्या जागी, टपालाने, आणि लंडनमधील रफ ट्रेड या दुकानात, एवढ्याच ठिकाणी ती मिळत असे. या तपशिलाकडे केवळ संग्राहकाच्या कौतुकाने पाहू नये. बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने १९७७ साली 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी स्वतःच्या खर्चाने काढली, तेव्हापासून इंग्लंडमध्ये स्वतंत्र ध्वनिमुद्रणाची एक रीतसर व्यवस्था तयार होत गेली होती. १९७६ मध्ये दुकान म्हणून सुरू झालेल्या रफ ट्रेडने पुढे वितरणाचे जे जाळे विणले, ते या व्यवस्थेचा कणा होते. १९९१ मध्ये ते जाळे आर्थिक अडचणीत येऊन कोसळले. दुकानाचा कारभार १९८० च्या दशकाच्या आरंभीच वेगळा झालेला असल्यामुळे दुकान तेवढे टिकले. त्याच सुमारास मोठ्या कंपन्या काळ्या तबकडीकडे पाठ फिरवून कॉम्पॅक्ट डिस्कच्या मागे लागल्या होत्या. अशा वर्षी, अशा बाजारात, नव्या बँडने दहा इंची तबकडी काढून ती टपालाने विकावी, हे व्यवहारदृष्ट्या विपरीत वाटते. वस्तुतः ते विपरीत नव्हते. खर्च थोडा, प्रती थोड्या, ग्राहक ओळखीचा आणि वितरकाच्या दिवाळखोरीने बुडण्याजोगे काही नाही, असा तो हिशेब होता. वितरणाच्या पडझडीमुळेच बँडने हा मार्ग धरला असे म्हणण्यास आधार नाही. पण त्या मार्गाने तो त्या पडझडीतून सुखरूप निभावला, एवढे निश्चित.

त्याच वर्षी आणखी दोन तबकड्या निघाल्या. 'सुपर-इलेक्ट्रिक' ही चार गीतांची तबकडी टू प्यूअर या लंडनच्याच तरुण संस्थेने काढली. तिसरी पुन्हा डुओफोनिकची, सात इंची, दोन्ही बाजूंस एकेक गीत असलेली. तिचे नाव 'स्टनिंग डेब्यू अल्बम', म्हणजे 'थक्क करणारा पदार्पणाचा अल्बम', असे होते. ती अल्बम नव्हती आणि पदार्पणही नव्हते. बँडचा विनोद कोठे राहतो हे येथे नीट दिसते. तो गीतांच्या शब्दांत शिरत नाही, नावांत आणि वेष्टनांवर राहतो. मॅकार्थीमध्ये उपरोध मजकुरात होता. येथे तो मजकुराबाहेर काढून दारावर टांगला गेला.

या तीन तबकड्यांवरील दहा गीतांचा नाद कसा आहे? दोन, फार तर तीन स्वरसंघ. त्यांच्यावर सतत घासली जाणारी गिटार. तिच्या तळाशी तंबोऱ्यासारखा अखंड धरलेला ऑर्गनचा स्वर. आणि ढोलांचा एकसुरी, न थांबणारा, सरळ चाललेला ताल. टू प्यूअरच्या तबकडीवरील 'काँटॅक्ट' हे गीत आठ मिनिटांच्या घरात जाते, आणि त्या अवधीत पाश्चात्त्य गीतरचनेच्या सवयीने अपेक्षित असलेली वळणे फारशी येत नाहीत. या पद्धतीचे मूळ पश्चिम जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या 'नॉय!' या जोडीत आहे. मिखाएल रोटर आणि क्लाउस डिंगर यांनी १९७२ मध्ये काढलेल्या पहिल्या अल्बमवर चार मात्रांचा जो अखंड धावता ताल आहे, त्याला समीक्षकांनी 'मोटोरिक' म्हटले. डिंगर यांना तो शब्द रुचला नाही, परंतु तो रूढ झाला. न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा धरून ठेवलेला स्वर ही दुसरी पूर्वपीठिका. बँडच्या या पहिल्या रूपात न्यूझीलंडच्या 'द चिल्स' या बँडमध्ये पूर्वी असलेले मार्टिन कीन, लंडनच्या 'द फेथ हीलर्स'चे ढोलवादक जो डिलवर्थ आणि साथीच्या गायिका जीना मॉरिस हे होते. वादकांची ही जमवाजमव पाहिली तरी कळते की, हे सर्वजण गिटारच्या गोंगाटातून आलेले लोक होते. हॉटेलच्या बैठकीत हे संगीत वाजले असते तर पाहुणे उठून गेले असते.

तथापि आज बहुतेक श्रोते ही दहा गीते मूळ तबकड्यांच्या क्रमाने ऐकत नाहीत. १९९२ साली ती 'स्विच्ड ऑन' या नावाने एकत्र करण्यात आली. वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्ये बाखच्या रचना मूग सिंथेसायझरवर वाजवून काढलेल्या सुप्रसिद्ध अल्बमच्या नावाची ही आठवण. इतिहासाच्या अभ्यासकाने या संग्रहापासून थोडे सावध राहावे. तो दुसऱ्या तबकडीच्या शीर्षकगीताने सुरू होतो, लगेच तिसरीवर उडी घेतो, मग पहिलीकडे परततो आणि तिसरीच्या दुसऱ्या बाजूने संपतो. पहिल्या तबकडीवर 'ओ ग्राँ झूर', म्हणजे 'भर उजेडात', या एकाच गीताची दोन रूपे होती. श्रोत्याला ती एकाच बैठकीत ऐकून ताडून पाहता येत. संग्रहात त्यांच्यामध्ये तीन गीते आली आहेत. ऐकणाऱ्याच्या सोयीने ही मांडणी उत्तम आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु सहा-सात महिन्यांच्या अवधीत, निरनिराळ्या आकारांत आणि दोन संस्थांकडून निघालेल्या वस्तूंचा तीमुळे एकसंध अल्बम झाला आणि बँड जणू एका दमात अवतरला असा समज पसरला. हस्तलिखितांच्या संपादनात जो दोष वारंवार दाखविला जातो, तोच हा दोष आहे.

मे १९९२ मध्ये 'पेंग!' हा पहिला खरा अल्बम टू प्यूअरने काढला. तो चांगला आहे, पण नवे फारसे काही सांगत नाही. शार्ल बोदलेअर यांच्या एका गद्यकाव्याचा मजकूर त्यातील एका गीतास आधारभूत आहे, ही लक्षणीय बाब. खरा बदल त्यानंतरच्या 'लो फाय' या दहा इंची तबकडीत होतो. येथे प्रथमच मेरी हॅन्सन या ऑस्ट्रेलियातून आलेल्या गायिका आणि अँडी रॅमसे हे ढोलवादक बँडमध्ये दिसतात. हॅन्सन यांच्या आगमनाचे महत्त्व किती सांगावे! सादिए यांच्या सपाट, मंद आवाजाला दुसरा, किंचित उजळ आवाज मिळाला, आणि हे दोन आवाज एकामागून एक, एकमेकांत अडकत, पुष्कळदा केवळ निरर्थक अक्षरांवर फिरू लागले. एका आवाजाच्या गाण्यात शब्द हाच नायक असतो. दोन आवाज जेव्हा शब्द सोडून वाद्यासारखे गुंफले जातात, तेव्हा ते १९५० च्या दशकातील वाद्यवृंदांमागे 'बा-बा-बा' म्हणणाऱ्या समूहगायिकांच्या अगदी जवळ जाऊन पोचतात. लाऊंज-संगीताचा या बँडमधील पहिला प्रवेश कोणत्याही वाद्याने केला नाही. तो मानवी कंठाने केला, असे या तबकडीच्या आधारे म्हणता येते. डिसेंबर २००२ मध्ये लंडनमधील अपघातात हॅन्सन यांचे निधन झाले. त्यानंतरच्या ध्वनिमुद्रिकांत हे स्थान रिकामे असल्याचे जाणवत राहते.

त्याच वर्षीच्या आणखी एका सात इंची तबकडीच्या एका बाजूचे नाव 'हार्मोनियम' आणि दुसरीचे 'फार्फिसा' असे आहे. हार्मोनियम मराठी वाचकाला पेटी म्हणून ठाऊक आहेच. फार्फिसा हा १९६० च्या दशकातील इटालियन विजेचा ऑर्गन. भात्याच्या हवेने वाजणारे वाद्य एका बाजूस आणि ट्रान्झिस्टरवर चालणारे दुसऱ्या बाजूस! या बँडला जुन्या वाद्यांचे आकर्षण केवळ स्वस्ताईमुळे होते असे काहींना वाटते. जुने ऑर्गन आणि मूग सिंथेसायझर त्या काळी अडगळीत जमा झाले होते हे खरेच आहे. परंतु वाद्यांची नावे थेट गीतांना देण्याइतका हा ओढा जाणीवपूर्वक होता.

आता ज्या संगीताकडे ही वाट जात होती, त्याची थोडी माहिती आवश्यक आहे. द्विमार्गी ध्वनीची तबकडी बाजारात आली ती १९५७–५८ च्या सुमारास. ग्राहकाने नवे यंत्र आणि दुसरा ध्वनिवर्धक विकत घ्यावा यासाठी दोन्ही कानांना वेगवेगळे काही ऐकवणे कंपन्यांना भाग होते. यास्तव संगीताची एक नवीच जात निर्माण झाली. ऐकण्याचा आनंद तिच्यात होताच. पण तिचे पहिले काम यंत्राचे प्रात्यक्षिक करणे हे होते. इनॉक लाइट यांच्या 'पर्सुएसिव्ह पर्कशन' (१९५९) या अल्बममध्ये तालवाद्ये डाव्या बाजूकडून उजवीकडे उड्या मारतात. मेक्सिकोचे एस्किवेल यांनी तर 'लॅटिन-एस्क' (१९६२) साठी वाद्यवृंदाचे दोन भाग करून त्यांना दोन वेगळ्या ध्वनिमुद्रणगृहांत बसविले. मार्टिन डेनी यांच्या 'एक्झॉटिका' (१९५७) मध्ये पक्ष्यांच्या हाका आहेत आणि न पाहिलेल्या बेटांचे स्वप्न आहे. गृहस्थाने दिवसभर कचेरीत काम करावे, हप्त्याने यंत्र घ्यावे आणि संध्याकाळी बैठकीत बसून चंद्रावर वा हवाई बेटावर जावे, असा या संगीताचा सामाजिक संसार होता. बायरन वर्नर या अमेरिकन संग्राहकाने पुढे त्याला 'अंतराळयुगातील ब्रह्मचाऱ्याच्या बिऱ्हाडाचे संगीत' या अर्थाचे इंग्रजी नाव दिले, असे मानले जाते.

मार्च १९९३ मध्ये स्टिरिओलॅबने हेच नाव उचलले. टू प्यूअरने काढलेल्या या लहान अल्बमचे नाव 'द ग्रूप प्लेड स्पेस एज बॅचलर पॅड म्युझिक'. इंग्रजीतील ग्रुप या शब्दाचे वर्णलेखन मुद्दाम मोडलेले आहे. या मुद्रिकेची रचना प्रस्तुत प्रश्नावर इतका प्रकाश टाकते की, तिच्याकडे अधिक बारकाईने पाहणे उचित होय. तिच्या दोन बाजूंना दोन नावे आहेत. पहिली 'ईझी लिसनिंग', म्हणजे सुखश्राव्य. दुसरी 'न्यू वेव्ह'. पहिल्या बाजूवर शीर्षकगीत दोनदा येते, एकदा 'मृदू' आणि एकदा 'फेसाळ' अशा विशेषणाने. जुन्या कंपन्या आपल्या तबकड्यांवर जी जाहिरातीची विशेषणे लावीत, त्यांचे हे अनुकरण उघड आहे. त्याच बाजूवरील दुसऱ्या एका गीताच्या नावात 'अवाँ-गार्द' आणि 'एम्. ओ. आर्.' म्हणजे 'रस्त्याच्या मधोमध चालणारे', कोणालाही न खुपणारे संगीत, ही दोन परस्परविरुद्ध पदे शेजारी ठेवली आहेत. दुसऱ्या बाजूवर गिटारची घासणी आणि अखंड ताल परत येतात. तिच्यावरील शेवटच्या गीताच्या नावात 'न्यू वेव्ह'मधील इंग्रजी 'न्यू'च्या जागी जर्मन 'नॉय' घातला आहे. ऋण इतके जाहीरपणे क्वचितच फेडले जाते. याच बाजूवर 'रॉन्को' आणि 'एम्. एफ्. पी.' ही नावे येतात. रॉन्को ही दूरचित्रवाणीवर जाहिरात करून गीतसंग्रह विकणारी कंपनी; 'म्युझिक फॉर प्लेझर' ही १९६५ साली सुरू झालेली, स्वस्त तबकड्यांची इंग्लिश मालिका. म्हणजे ज्या तबकड्या रद्दीच्या दुकानात आणि धर्मादाय भांडारांत काही पेन्सांना मिळत, त्यांना येथे आदरपूर्वक स्थान दिले गेले.

तात्पर्य, १९९३ च्या वसंतात लाऊंज हा या बँडच्या संगीताचा अर्धा भाग होता, आणि तो अर्धा भाग स्वतःच्या नावानिशी, वेगळ्या बाजूवर, दुसऱ्या अर्ध्या भागाशी तुलनेसाठी मांडलेला होता. त्यांचा सांधा लपविलेला नाही. तबकडी उलटताना तो श्रोत्याच्या हातात येतो. पुढील अल्बमांत हे दोन प्रवाह इतके मिसळले की, वेगळे करून दाखविणे कठीण झाले, आणि समीक्षकांना दोघांपैकी सोपे नाव तेवढे उरले.

आता मूळ प्रश्न. सुखासीन संगीत आणि टीकात्मक शब्द यांचा हा संयोग उपहास आहे काय? तसे मानणारे पुष्कळ आहेत. १९९० नंतरच्या लाऊंज-पुनरुज्जीवनात थट्टेचा अंश मोठा होता, कोट घालून आणि पेला हातात धरून केलेला तो खेळ होता, आणि स्टिरिओलॅबलाही त्याच मापाने मोजले गेले. परंतु हे मत टिकणारे नाही. उपहासासाठी कलावंताला आपल्या साधनापासून अंतर ठेवावे लागते. येथे ते अंतर दिसत नाही. ऑर्गनचा स्वर प्रेमाने लावलेला आहे, आवाजांची गुंफण काळजीने केलेली आहे, आणि थट्टा जी आहे ती वेष्टनावरच थांबते. अधिक संभाव्य स्पष्टीकरण असे की, त्या जुन्या संगीताने एक भविष्य कबूल केले होते. यंत्रे माणसाला श्रमातून सोडवतील, सर्वांना फुरसत मिळेल, घरात नाद भरून राहील, असे ते भविष्य होते. ते आले नाही, किंवा मूठभरांच्या वाट्याला आले. सादिए यांची गीते त्या न आलेल्या भविष्याचा जाब विचारतात, आणि संगीत त्या भविष्याचा नमुना समोर ठेवते. मजकूर आणि नाद यांच्यात विरोध वाटतो तो यामुळे मावळतो. वचन आणि वचनभंग एकाच वेळी ऐकू येतात.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण थोडे नंतरचे, १९९४ चे आहे. 'पिंग पाँग' हे गीत अर्थव्यवस्थेतील तेजी, मंदी आणि युद्ध यांच्या आवर्तनांविषयी आहे, आणि त्याची चाल लहान मुलाला आवडेल इतकी हलकी आहे. द्विमार्गी ध्वनीच्या आरंभीच्या तबकड्यांवर जो डावीकडून उजवीकडे उडणारा नाद असे, त्याला त्या काळी 'पिंग पाँग' हेच नाव होते. हा योगायोग मानला तरी इतका नेमका योगायोग विरळा.

ऑगस्ट १९९३ मध्ये 'ट्रान्झियंट रँडम-नॉइझ बर्स्ट्स विथ अनाउन्समेंट्स' हा अल्बम आला आणि बँडच्या जीवनातील पहिले पर्व संपले. त्याचे वेष्टन ध्वनियंत्रांची परीक्षा घेण्यासाठी काढलेल्या एका जुन्या तबकडीवरून घेतलेले आहे. त्यातील 'जेनी ऑन्दिओलीन' हे गीत अठरा मिनिटांचे आहे. झॉर्झ झेनी या फ्रेंच संशोधकाने १९४० च्या सुमारास तयार केलेल्या ऑन्दिओलीन या विजेच्या वाद्यावरून, आणि त्याच्या आडनावाच्या इंग्रजी उच्चारावरून, एका काल्पनिक स्त्रीचे नाव बनविले गेले. अमेरिकेत हा अल्बम इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीने काढला. इंग्लंडमध्ये मात्र तो डुओफोनिकचाच राहिला. स्वातंत्र्य सोडल्याचा आरोप येथे करता येईल. पण करार वाटणीचा होता. समुद्रापलीकडचा बाजार मोठ्या कंपनीकडे देऊन घरच्या तबकडीवरील हक्क बँडने हातचा जाऊ दिला नाही. १९९१ मध्ये टपालाने तबकड्या पाठविणाऱ्या संस्थेचीच ही वाढ होती. डुओफोनिकने इतरांनाही जागा दिली. १९९३ च्या एका सामूहिक तबकडीवर पॅरिसच्या 'डार्लिन' या तीन तरुणांच्या बँडची गीते होती. त्यांच्याविषयी एका इंग्लिश साप्ताहिकात आलेल्या तुच्छतादर्शक शेऱ्यातूनच त्यांपैकी दोघांनी 'डाफ्ट पंक' हे आपले पुढील नाव घेतले.

लाऊंज-पुनरुज्जीवनाचा कालक्रम या तारखांशी ताडून पाहावा. एस्किवेल यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह बार/नन या अमेरिकन संस्थेने काढला तो १९९४ मध्ये, आणि त्याचे नाव 'स्पेस-एज बॅचलर पॅड म्युझिक' हेच होते. कंबस्टिबल एडिसन या अमेरिकन बँडचा 'आय, स्विंगर' हा अल्बमही १९९४ चाच. कॅपिटॉलने आपल्या कोठारातील माल 'अल्ट्रा-लाऊंज' या मालिकेतून बाहेर काढला तो १९९६ पासून. म्हणजे ज्या लाटेत स्टिरिओलॅबला बसविले जाते, ती लाट बँडच्या निर्णायक मुद्रिकेनंतर उसळली. वर्गीकरण मागाहून आले आणि मागच्या काळावर लादले गेले.

या चुकीला मूळ ध्वनिमुद्रिकांच्या दुर्मिळतेनेही हातभार लावला. 'स्विच्ड ऑन' ही पुढे एक मालिका झाली. तिचा दुसरा भाग १९९५ मध्ये, तिसरा १९९८ मध्ये, आणि २००९ ते २०१९ या विरामानंतर चौथा २०२१ मध्ये निघाला. विखुरलेल्या छोट्या तबकड्या एकत्र आणण्याचे हे काम बँडने स्वतःच केले. 'हार्मोनियम' आणि 'फार्फिसा' दुसऱ्या भागात आली. परंतु ज्या तबकडीवर दोन आवाज प्रथम एकत्र ऐकू येतात, ती 'लो फाय' या चारही भागांतून सुटली होती. तिची चारही गीते 'पल्स ऑफ द अर्ली ब्रेन' या पाचव्या भागात समाविष्ट झाली, ती २०२२ साली, म्हणजे मूळ प्रसिद्धीनंतर तीस वर्षांनी. त्याच भागात 'रॉन्को सिंफनी' या १९९३ च्या गीताचा कच्चा आराखडाही आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकण्याची सोय त्यापूर्वीच्या श्रोत्यांना नव्हती.